नॅटची लायब्ररी लिहिताय? टेबल राहू द्या, आधी एपीआय नीट बसवा

एका छोट्या राउटर प्रोजेक्टसाठी मी नॅटची (आतल्या अनेक मशीनना एकाच बाहेरच्या पत्त्यावरून बोलता यावं म्हणून पॅकेटमधले पत्ते बदलणारी) लायब्ररी लिहायला घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी हॅश टेबल लिहायला बसलो होतो. आतला पत्ता, आतला पोर्ट, बाहेरचा पोर्ट, झालं की, त्यात काय मोठं. टेबल दोन दिवसात झालं पण. पुढे ती लायब्ररी तीनदा मोडून परत लिहिली, आणि गंमत म्हणजे तिन्ही वेळा टेबल जसंच्या तसं राहिलं, मोडला तो फक्त एपीआय, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारी फंक्शनं. म्हणून म्हटलं हे सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवावं. सीमध्ये लिहिताय असं धरून चाललोय, पण रस्टवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल. फंक्शनांची नावं इथे मराठीत देतोय, तुमच्या हेडर फाइलमध्ये तुम्हाला हवी ती ठेवा.

वाटेत एका जुन्या लायब्ररीचं नाव सारखं येईल, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची लिबएलियास. चार्ल्स मॉट यांनी लिहिलेली, मुळात पीपीपी या डायल-अप जोडणीच्या प्रोग्रॅमच्या आतला नॅट म्हणून सुरू झालेली, मग नॅटडी नावाच्या डीमनने वापरली, आणि पुढे ती कर्नलमध्ये जाऊन आयपीएफडब्ल्यू या फायरवॉललाही जोडली गेली. एवढा लांब प्रवास झालेला कोड वाचायला मिळणं म्हणजे चैन आहे. त्यात काय जमलं आणि काय अंगाशी आलं, दोन्ही दिसतं.

पायरी १: आधी वापरणाऱ्याचा कोड लिहा

लायब्ररीची एकही ओळ लिहायच्या आधी ती वापरणारा लूप लिहा. खोटा, न चालणारा, पण पूर्ण. माझा शेवटी असा दिसायला लागला (लॅन म्हणजे आतलं नेटवर्क, वॅन म्हणजे बाहेरचं):

न = नॅट_बनव(सेटिंग)
कायम:
  पॅ = कार्डवरून_घे()
  आत्ता = घड्याळ()
  लॅनकडून आलं तर: निकाल = नॅट_बाहेर(न, पॅ, आत्ता)
  वॅनकडून आलं तर: निकाल = नॅट_आत(न, पॅ, आत्ता)
  निकाल बघून: पाठव, टाक, किंवा स्वतःकडे घे
  नॅट_साफ(न, आत्ता, ६४)

आता यात काय नाहीये ते बघा. लायब्ररी सॉकेट उघडत नाही, थ्रेड सुरू करत नाही, घड्याळ बघत नाही, फाइल वाचत नाही. पॅकेट घ्यायचं, त्यात खाडाखोड करायची, निकाल सांगायचा, बस. ही चौकट एकदा मान्य केली की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, आणि ती मोडायचा मोह प्रत्येक पायरीवर होतो हेही आत्ताच सांगून ठेवतो.

लिबएलियासमध्ये हा मोह कसा दिसतो बघा. तिच्यात सॉकेट वापरण्याचा एक मोड आहे, डिफॉल्टला चालूच असतो. कारण समजण्यासारखं आहे: ज्या मशीनवर नॅट चालतोय त्याच मशीनचे स्वतःचे प्रोग्रॅमही बाहेर बोलतात, मग नॅटने ४०००१ पोर्ट कुणाला दिला आणि त्याच वेळी मशीनवरच्या एखाद्या प्रोग्रॅमने तोच धरला तर गोंधळ. म्हणून लायब्ररी खरंच सॉकेट उघडून पोर्ट अडवून ठेवते. प्रश्न खरा आहे, पण उत्तर लायब्ररीच्या आत नको. वापरणाऱ्याकडून पोर्टची रेंज मागा, आणि ती रेंज ऑपरेटिंग सिस्टिमच्या रेंजपासून वेगळी ठेवायची जबाबदारी त्याची असं हेडरमध्ये ठळक लिहा.

पायरी २: ग्लोबल काही नको, सगळं हँडलमध्ये

हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे चुकतात. लिबएलियासच्या सुरुवातीच्या फंक्शनांना हँडल (एका नॅटची सगळी स्थिती धरणारा पॉइंटर) नव्हतंच, सगळी स्थिती ग्लोबल, म्हणजे एका प्रोसेसमध्ये एकच नॅट. नंतर फंक्शनांची नवी पिढी आली आणि प्रत्येकाचा पहिला पॅरामीटर हँडल झाला. माझंही तेच झालं, मी म्हटलं आपल्या राउटरला एकच वॅन आहे, कशाला उगाच पॉइंटर फिरवत बसा, आणि महिन्याभरात पार्टी म्हणाली की आम्ही दुसरी लाइन घेतलीय, फायबर पडली की त्यावर जायचं. झालं कल्याण. दीडशे ठिकाणी फंक्शनची सही (पॅरामीटरची यादी) बदलली.

हँडल अपारदर्शक ठेवा, म्हणजे हेडरमध्ये नुसतं नाव, आतलं स्ट्रक्चर सी फाइलमध्ये. मेमरी कुठून घ्यायची तेही सेटिंगमधून फंक्शन पॉइंटर देऊन सांगता आलं पाहिजे. आणि कमाल किती नोंदी ठेवायच्या हा आकडा सक्तीचा करा, डिफॉल्ट देऊच नका. नॅटच्या टेबलला मर्यादा नसेल तर लॅनवरचा एक बिघडलेला फोन पूर्ण राउटर झोपवू शकतो.

पायरी ३: आत आणि बाहेर, दोन वेगळी फंक्शनं

एकच फंक्शन आणि त्याला दिशेचा फ्लॅग, असं करायचा विचार येतो. करू नका. बाहेर जाणारं पॅकेट नवी नोंद बनवू शकतं, आत येणारं बहुतेक वेळा फक्त शोधतं. दोघांच्या चुका वेगळ्या, निकाल वेगळे. फ्लॅग उलटा दिला तर कंपायलर काही बोलणार नाही आणि तुम्ही संध्याकाळभर पॅकेट कॅप्चर बघत बसाल.

तिसरी एक केस आहे ती मात्र पहिल्या दिवसापासून धरा: हेअरपिन. घरातला एक फोन घरातल्याच कॅमेऱ्याशी बोलतोय, पण राउटरच्या बाहेरच्या पत्त्यावरून. आरएफसी ४७८७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज) हेअरपिन आलाच पाहिजे असं आहे, आणि परत फिरलेल्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ताही बाहेरचाच दिसला पाहिजे. म्हणजे एकाच पॅकेटवर दोन्ही बाजू बदलायच्या. मी यासाठी वेगळं फंक्शन ठेवलं नाही, नॅट_बाहेर स्वतःच ओळखतं आणि ‘परत लॅनवर पाठव’ असा निकाल देतं.

पायरी ४: निकाल हो-नाही मध्ये मावत नाही

माझ्या पहिल्या आवृत्तीत शून्य म्हणजे जमलं, उणे एक म्हणजे नाही जमलं. मग वॅनवरून एक पॅकेट आलं ज्याची टेबलमध्ये नोंद नाही. ही चूक आहे का? नाही ना! कदाचित ते राउटरसाठीच असेल, एसएसएच किंवा डीएनएसचं उत्तर. लायब्ररीने ‘नाही जमलं’ म्हटलं, लूपने टाकून दिलं, आणि मी स्वतःच राउटरच्या बाहेर राहिलो, जाऊन कीबोर्ड मॉनिटर लावावा लागला.

शेवटी माझ्याकडे सहा निकाल राहिले: बदललं, पाठव. परत लॅनवर फिरव. माझं नाही, तू ठरव. तुकडा आहे, मी ठेवून घेतलाय. जागा संपली. पॅकेटच खराब आहे. यातले ‘माझं नाही’ आणि ‘खराब आहे’ हे दोन वेगळे ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. टाकायचं की नाही हा फायरवॉलचा निर्णय, तो लायब्ररीत घुसवला की एका वापरणाऱ्याला हवं ते दुसऱ्याला नको असतं आणि मग फ्लॅगवर फ्लॅग वाढत जातात.

‘जागा संपली’ वेगळं का? कारण तो आकडा ग्राफवर टाकता येतो. रात्री नऊला पोर्ट संपतायत हे कळायला दुसरा मार्ग नाही, लोक फक्त ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगतात.

पायरी ५: बफरची लांबी आणि क्षमता, दोन्ही घ्या

नुसता पत्ता बदलला तर पॅकेटची लांबी बदलत नाही, मग क्षमता कशाला? एफटीपी या फाइल पाठवायच्या जुन्या प्रोटोकॉलमुळे. ॲक्टिव्ह मोडमध्ये क्लायंट आपला पत्ता आणि पोर्ट मजकुरातच लिहून पाठवतो, स्वल्पविरामांनी तोडलेले सहा आकडे. समजा त्याने लिहिलं:

१९२,१६८,१,१०,१९९,५६

शेवटचे दोन म्हणजे पोर्ट: १९९ गुणिले २५६ अधिक ५६, म्हणजे ५१०००. बाहेर आपला पत्ता २०३.०.११३.५ आणि पोर्ट ४०००१ असेल तर हे असं व्हायला हवं:

२०३,०,११३,५,१५६,६५

पहिलं मोजा, १९ अक्षरं. दुसरं १८. पॅकेट एका बाइटने लहान झालं. म्हणजे त्या टीसीपी कनेक्शनमधल्या पुढच्या प्रत्येक पॅकेटचा सिक्वेन्स नंबर एकने मागे सरकवायचा, आणि उलट्या दिशेने येणाऱ्या पोचपावतीत एक मिळवायचा, कनेक्शन संपेपर्यंत. पत्ता मोठा असता तर उलट, पॅकेट वाढलं असतं आणि बफरमध्ये जागा लागली असती. लिबएलियासच्या आत-बाहेर फंक्शनांना कमाल पॅकेट साइज म्हणून एक पॅरामीटर असतो तो यासाठीच.

माझं मत विचाराल तर हे असले प्रोटोकॉलचे मदतनीस मुख्य लायब्ररीत ठेवूच नका. रजिस्टर करता येतील असा एक हुक द्या, आणि डिफॉल्टला सगळे बंद. आज बहुतेक ट्रॅफिक टीएलएसच्या (एन्क्रिप्शनच्या) आत आहे, मजकूर वाचताच येत नाही, आणि व्हॉइप (नेटवरून बोलायच्या) फोनवाल्यांचा तर राउटरमधला एसआयपी (कॉल जोडायच्या प्रोटोकॉलचा) मदतनीस आधी बंद करा हाच पहिला सल्ला असतो. पण क्षमतेचा पॅरामीटर आजच घ्या, नंतर घालायचा म्हणजे परत सगळ्या सह्या बदलणं आलं.

पायरी ६: चेकसम

हे आतलं काम आहे, पण एपीआयवर याचा परिणाम होतो म्हणून जरा थांबू इथे. पत्ता बदलला की आयपी हेडरचा चेकसम (चूक पकडायला लावलेली बेरीज) बदलतो, आणि टीसीपी-यूडीपीचा पण, कारण त्यांच्या चेकसममध्ये पत्ते धरलेले असतात. पूर्ण पॅकेटची परत बेरीज करायची गरज नाही, जुनं वजा नवं अधिक. आरएफसी १६२४ चं सूत्र वापरा, त्याआधीच्या ११४१ मधलं नको, ते शून्याच्या एका कोपऱ्यातल्या केसमध्ये चुकतं.

हाताने एकदा करून बघा. १९२.१६८.१.१० म्हणजे दोन शब्द, ४९३२० आणि २६६. नवा २०३.०.११३.५ म्हणजे ५१९६८ आणि २८९३३. समजा जुना चेकसम २०००० आहे. त्याचा पूरक ६५५३५ वजा २००००, म्हणजे ४५५३५. त्यात जुन्या शब्दांचे पूरक १६२१५ आणि ६५२६९ मिळवा, नवे शब्द मिळवा, बेरीज ६५५३५ च्या वर गेली की ६५५३६ काढून हातचा एक परत घाला. शेवटी ११३१५ उरतात, त्याचा पूरक ५४२२०, हा नवा चेकसम. हेच आकडे माझ्या पहिल्या युनिट टेस्टमध्ये आहेत. यूडीपीत एक खोच आहे: चेकसम शून्य आला असेल तर त्याचा अर्थ ‘चेकसम लावलेलाच नाही’, त्याला हात लावायचा नाही, आणि तुमच्या हिशोबाने शून्य निघाला तर ६५५३५ लिहायचा. आयपीव्ही६ ला यातली ‘चेकसम नाही’वाली सवलत धरून चालू नका.

आता एपीआय. हल्लीची नेटवर्क कार्डं चेकसम स्वतः लावतात, म्हणजे मशीनवरच तयार झालेलं पॅकेट तुमच्याकडे येतं तेव्हा त्यात अर्धवट चेकसम असतो. तुम्ही तो पूर्ण समजून दुरुस्त केलात की गेलं. आयपीएफडब्ल्यूच्या मॅन्युअलमध्येच ‘बग’ या मथळ्याखाली लिहिलंय की लिबएलियासच्या रचनेमुळे तिचा नॅट टीएसओशी (मोठ्या टीसीपी डेटाची पॅकेटं कार्डानेच पाडायच्या सोयीशी) जुळत नाही, कार्डवर ते बंद करा. म्हणून पॅकेट देताना नुसता पॉइंटर नको, छोटं स्ट्रक्चर द्या: डेटा, लांबी, क्षमता, आणि ‘चेकसम अर्धवट आहे’ असा एक बिट.

पायरी ७: वेळ बाहेरून द्या

या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. नॅटचं अवघड काम पत्ता बदलणं नाहीच, नोंद कधी पुसायची हे आहे. आणि लायब्ररी आतून घड्याळ बघत असेल तर हे तुम्ही टेस्टच करू शकत नाही.

आकडे बघा. यूडीपीची नोंद दोन मिनिटांच्या आत पुसायची नाही, पाच मिनिटं ठेवावी असं ४७८७ म्हणतं. जमलेलं टीसीपी कनेक्शन गप्प असेल तर किमान २ तास ४ मिनिटं, हे आरएफसी ५३८२ मधून. हा विचित्र आकडा कुठून आला तर टीसीपीचा कीपअलाइव्ह (समोरचा अजून आहे का हे बघणारं पॅकेट) डिफॉल्टने दोन तासांनी जातो, तो पोचायला चार मिनिटं धरलीत. अर्धवट उघडलेल्या किंवा बंद होत असलेल्या कनेक्शनला चार मिनिटं. पिंगला पोर्टऐवजी ओळख क्रमांक असतो, त्याला साठ सेकंद. आता २ तास ४ मिनिटांची टेस्ट खऱ्या घड्याळावर कोण चालवणार? मी चालवली होती, लाज वाटते सांगायला, रात्री लावून घरी जायचो. ‘आत्ता’ पॅरामीटर झाल्यावर तीच टेस्ट डोळ्याची पापणी लवायच्या आत होते.

घड्याळ एकाच दिशेने जाणारं हवं, भिंतीवरचं नको. राउटर बूट झाल्यावर एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) वेळ एकदम कित्येक वर्षं पुढे ढकलते आणि सगळ्या नोंदी एका झटक्यात म्हाताऱ्या होतात. हे हेडरच्या कॉमेंटमध्ये लिहाच.

साफसफाईला मर्यादा द्या. नॅट_साफ ला तिसरा पॅरामीटर ६४ दिलाय तो म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ६४ नोंदी बघ. नाहीतर पन्नास हजार नोंदी झाडायला ती बसते आणि तेवढ्यात कार्डची रांग भरून पॅकेटं गळतात.

पायरी ८: सेटिंग

लिबएलियासमध्ये मोड म्हणजे बिटमास्क, एकाच आकड्यात बसवलेले हो-नाही फ्लॅग. सुरुवातीला छान वाटतं, पण टायमर आणि रेंज त्यात बसत नाहीत, मग वेगवेगळी सेट-फंक्शनं येतात आणि कोणतं आधी बोलवायचं हा क्रम डोक्यात ठेवावा लागतो. त्यापेक्षा एकच सेटिंग स्ट्रक्चर, पहिलं फील्ड त्याचा आकार, आणि ते डिफॉल्टने भरून देणारं एक फंक्शन. आकार असल्यामुळे पुढे फील्ड वाढवली तरी जुने प्रोग्रॅम चालतात.

डिफॉल्ट काय ठेवायचे याला मात्र वेळ द्या, निम्मे लोक त्याला हातच लावत नाहीत. आतल्या एका पत्ता-पोर्टला बाहेर कुणाशीही बोलताना तोच बाहेरचा पोर्ट मिळाला पाहिजे, ४७८७ ची पहिलीच अट आहे ही, गेम आणि व्हिडिओ कॉलवाल्यांचं सगळं यावर चालतं. नवा पोर्ट निवडताना एकापाठोपाठ एक देऊ नका, यादृच्छिक द्या, नाहीतर बाहेरच्याला पुढचा अंदाज येतो.

पायरी ९: पोर्ट फॉरवर्ड

नॅट_दार_उघड ने नियमाचं हँडल परत द्यावं, नंतर पुसायला तेच वापरायचं. पोर्ट नंबर देऊन पुसायची सोय ठेवू नका, टीसीपी ८० पुसताना यूडीपी ८० पण गेला असं होतं. नियम पुसला की चालू कनेक्शनं तोडायची का राहू द्यायची, काहीही ठरवा पण लिहा. मी राहू देतो.

पायरी १०: तुकडे आणि आयसीएमपी

मोठ्या पॅकेटचे तुकडे झाले की पोर्ट फक्त पहिल्या तुकड्यात असतो, आणि तो पहिला येईलच असं नाही. लिबएलियास यात वापरणाऱ्यालाच कामाला लावते: ‘तुकडा ओळखता आला नाही’ असा निकाल आला की तुम्ही मेमरी घ्या, तुकडा कॉपी करा, पॉइंटर लायब्ररीला द्या, पहिला तुकडा आला की एकेक परत मागा, दुरुस्त करून घ्या, पाठवा, मेमरी सोडा. बरोबर आहे, पण इतकं नीट कोण करतं? मी लायब्ररीतच कॉपी ठेवतो, कमाल संख्या सेटिंगमध्ये, आणि सुटलेले तुकडे नॅट_पुढचा_तुकडा ने एकेक बाहेर येतात.

आयसीएमपीच्या (नेटवर्कमधल्या चुका कळवायच्या प्रोटोकॉलच्या) एररमध्ये मूळ पॅकेटचं डोकं आत बांधलेलं असतं, त्यातलाही पत्ता-पोर्ट उलटा बदलायचा. हे राहिलं की ‘पॅकेट फार मोठं आहे’ हा निरोप आतल्या मशीनला कळत नाही आणि काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात. एपीआयमध्ये याचं काही दिसत नाही, पण टेस्टमध्ये दिसलं पाहिजे.

पायरी ११: नोंदवही आणि थ्रेड

तुमची लायब्ररी एखाद्या केबलवाल्याच्या सर्व्हरवर जाणार असेल (ग्राहकाच्या राउटरचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या घरात दिसतो ना, तोच प्रकार), तर कोणाला कोणता पोर्ट कधी दिला हे लिहून ठेवावं लागतं. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. प्रत्येक कनेक्शनला एक ओळ म्हटलं तर डिस्क रडते, म्हणून ग्राहकाला पोर्टचा सलग गठ्ठा द्यायची सोय करा, गठ्ठ्याला एकच ओळ. नोंदीसाठी कॉलबॅक देत असाल तर त्यातून परत लायब्ररीला बोलवायचं नाही अशी अट टाका आणि डीबग बिल्डमध्ये ती तपासा.

थ्रेडसाठी लॉक घालू नका. प्रत्येक थ्रेडला स्वतःचं हँडल द्या. अडचण अशी की परत येणारं पॅकेट कार्ड भलत्याच थ्रेडकडे देतं, कारण बदललेल्या पत्त्याचा हॅश वेगळा. त्यावर सोपा उपाय: पोर्टची रेंज थ्रेडमध्ये वाटून टाका. चार थ्रेड आणि ३२७६८ पासून पुढे ३२७६८ पोर्ट, प्रत्येकाला ८१९२. पोर्ट बघितला की कुणाचं पॅकेट ते कळतं, टेबलही बघावं लागत नाही.

पायरी १२: टेस्ट

घड्याळ बाहेर, कार्ड बाहेर, यादृच्छिक आकड्याचं बी पण सेटिंगमधून. म्हणजे आता एखाद्या ग्राहकाकडून पॅकेट कॅप्चरची फाइल आली की ती तशीच खायला घालायची, फाइलमधल्या वेळा ‘आत्ता’ म्हणून द्यायच्या, आणि दर वेळी बाइट न बाइट तेच आउटपुट येतं. गेल्या खेपेला एक व्हॉइप फोन कॉल चालू असताना ठीक पाच मिनिटांनी मुका व्हायचा, कॉल घेणारा नुसता ऐकत बसला की हमखास. चार तासांचं कॅप्चर सहा सेकंदात चालवलं आणि दिसलं की फोन त्या वेळात काहीच बाहेर पाठवत नव्हता, आणि माझा कोड नोंद फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर ताजी करत होता. आरएफसीत बाहेरच्यावर ताजी करणं सक्तीचं आहे, आत येणाऱ्यावर ऐच्छिक, म्हणजे नियमाने मी बरोबरच होतो. सेटिंगमध्ये एक बिट वाढवला.